आधी जुन्या कर्नलवर सुरू करून पाहा

लिनक्सचे कर्नल (प्रणालीचा गाभा) अद्ययावत केल्यावर वायफाय दिसेनासे झाले, तर कार्ड निकामी झाले असे समजून सरळ यूएसबी अडॅप्टर विकत घ्यावा, हा लेखातील सल्ला मला मुळीच पटला नाही. लिनक्समध्ये आधीचे कर्नल बहुधा डिस्कवर शिल्लक असते. यंत्र सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या ग्रब या मेनूच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून ते निवडून यंत्र सुरू केल्यावर वायफाय चालू लागले, तर कार्ड शाबूत असून दोष ड्रायव्हरकडे (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामकडे) किंवा फर्मवेअरकडे (कार्डाच्या आतल्या सॉफ्टवेअरकडे) आहे, हे दोन मिनिटांत कळते.

माझ्या लॅपटॉपचा ड्रायव्हर कर्नलबाहेरचा, म्हणजे डीकेएमएस या साधनाने प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधला जाणारा आहे. नव्या कर्नलचे हेडर्स (बांधणीसाठी लागणाऱ्या फायली) बसलेले नसल्याने तो बांधलाच गेला नव्हता, आणि ‘डीकेएमएस स्टेटस’ या आज्ञेच्या उत्तरात केवळ जुन्या कर्नलचा क्रमांक दिसत होता. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंगवरून, म्हणजे फोनच्याच इंटरनेटवरून, हेडर्स उतरवले (वायफाय बंद असताना हा मार्ग अनेकांना सुचत नाही), ड्रायव्हर पुन्हा बांधला आणि नेटवर्कची यादी लगेच दिसू लागली. सिक्युअर बूट (केवळ डिजिटल स्वाक्षरी असलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल, तर स्वाक्षरी नसलेले मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा असा ड्रायव्हर) बांधले जाऊनही कर्नल ते नाकारते, याचा उल्लेखही लेखात असायला हवा होता.