कासवाला नेवरी भरवू नका

सकाळपासून प्रत्येक ग्रुपवर एकच व्हिडिओ फिरतोय. गणेश चवथीची आरास, वर माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती रानातल्या फळा-पाल्याची चौकट), खाली पाटाजवळ बशीएवढं कासव आणि कुणाचा तरी हात त्याच्या तोंडात नेवरी, म्हणजे करंजी, कोंबतोय. मागून हसण्याचे आवाज. खाली हात जोडलेले इमोजी आणि 'साक्षात कूर्मावतार'. मला ते पुरतं बघवलं नाही.

ते सल्काटा आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला साहेल नावाचा कोरडा पट्टा आहे, तिथलं कासव. तिथं ते गवत खातं, हिरवं मिळालं तर हिरवं, नाहीतर वाळलेलं. त्याच्या आतड्यातले सूक्ष्मजीव हा चोथा आंबवतात, त्यावर त्याचं शरीर चालतं. तिथं गूळ-खोबरं आणि तळलेलं पीठ गेलं की सगळं बिघडतं. जुलाब होतात, पोट फुगतं. बिचारं ओरडूही शकत नाही, म्हणून आपल्याला वाटतं मजेत आहे.

माझ्या धोंडूला, आमच्या सल्काटाला, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय. तो आमच्याकडे आला पर्वरीच्या एका फ्लॅटमधून. ते कुटुंब बंगळूरला निघालं होतं. माणसं वाईट नव्हती. पोरांनी त्याला टोमॅटो, काकडी, दहीभात, सकाळी पोदेर (पाववाला) आला की पाव, जे हाती लागेल ते प्रेमानं दिलं होतं. डॉक्टरांनी त्याला उलटं धरून पोटाकडच्या कवचावर अंगठा टेकवला तर कवच आत दबलं. कासवाचं कवच दबलं! वरची चोच पोपटासारखी वाकून खाली आली होती, कारण गवत ओढून चावलं की ती झिजते आणि याला चावायला कधी काही मिळालंच नव्हतं. पाठीवर टेंगळं. (टेंगळं नुसत्या खाण्यानं येत नाहीत, पिल्लू असताना फार कोरड्या हवेत ठेवलं तरी येतात, हे मान्य. पण मऊ कवचाचं काय? ते कॅल्शियम आणि ऊन न मिळाल्यामुळेच.)

आणि ऊन म्हणजे अंगणातलं ऊन. बंद काचेच्या खिडकीतून आलेलं चालत नाही, त्यातले ज्या किरणांनी अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं ते काच अडवते. फ्लॅटमध्ये नेमकं तेच झालं होतं.

गवत त्याला खाण्याची वस्तूच वाटत नव्हती. मूठभर दूर्वा पुढे ठेवल्या की त्यांच्यावर पाय देऊन पुढे जायचा. धावायचा तो फक्त लाल रंगाकडे. माझ्या पायाच्या नखांना लाल नेलपॉलिश होतं तर अंगठ्याला येऊन चावला. मग मी गवत बारीक चिरून त्याला टोमॅटोचा रस चोळायला लागले. रस रोज थोडा कमी, गवत थोडं जास्त. घरचे वैतागले, सासूबाई म्हणाल्या, अगं उपाशी मारशील त्याला. पण एके दिवशी मागच्या दारी त्यानं मान लांब केली, जबड्यात गवताचं पातं धरलं आणि मान तिरकी झटकून ते तोडलं. कर्र असा आवाज आला. मी भांडी घासायची सोडून बघत राहिले होते.

लोक विचारतात, वर्षभर त्याला घालता काय? अहो, गोव्यात राहून हा प्रश्न कसा पडतो? जून ते सप्टेंबर जिथं बघाल तिथं गवत. दिवाळीनंतर डोंगरावरचं करड गवत सुकतं, ते आम्ही कापून कडकडीत वाळवून झाकणाच्या पिंपात भरतो. पोत्यात ठेवलं तर पुढच्या आषाढात बुरशी धरते आणि बुरशीचं गवत विषासमान. एप्रिल-मे कठीण, तेव्हा जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, काटे काढलेला फड्या निवडुंग. कॅल्शियमसाठी समुद्रफेस (म्हाकुलाचं पांढरं हाड) आपल्या किनाऱ्यावर फुकट मिळतो, धुऊन वाळवून कोपऱ्यात ठेवला की धोंडू स्वतःच कुरतडतो. पालक, माठ रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरतं. कण्हेर, घाणेरी, अळू, यांच्या जवळपासही नेऊ नका. आणि काजूच्या बागेतलं गवत आणताना तिथं तणनाशक मारलंय का ते विचारून घ्या. फळं मी देत नाही म्हटलं तरी चालेल.

पावसाळ्याचं तेवढं समजून घ्या, कारण सगळा घोटाळा तिथंच होतो. आठवडा-आठवडा ऊन नसतं, अंग गार पडतं, आणि गार अंगाला अन्न पचत नाही म्हणून ते खाणं कमी करतं. आपण घाबरतो आणि काहीतरी गोड पुढे करतो. त्याला आधी ऊब द्या, कोरडी जागा द्या, यूव्हीबीचा दिवा (उन्हातले ड जीवनसत्त्वाचे किरण देणारा) लावा. मग गवत. भूक आपोआप येते.

मला खरा राग कशाचा येतो सांगू? आपण माटोळीसाठी रानात जातो. कुठला वेल, कुठलं फळ, कुठल्या झाडाची फांदी, आपल्या वाडवडिलांना सगळं तोंडपाठ होतं, आजही कित्येकांना आहे. कवंडळाचं रानफळ बांधायचं, खायचं नाही, हे लहान पोरालाही सांगितलेलं असतं. एवढी पाल्याची पारख असलेली माणसं आपण, आणि घरातल्या मुक्या जिवाला पाला सोडून नेवरी? तेही कशासाठी, रीलसाठी! (विसर्जनानंतर माटोळीतलं उरलंसुरलं कासवापुढे टाकणारे पण आहेत. कृपा करून नको.)

एकानं लगेच सुनावलं, कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयातलं अद्वैत नावाचं कासव पाव खाऊन अडीचशे वर्षं जगलं. असेल. तो 2006 मध्ये गेला, वय तेवढं होतं असं सांगतात, आणि त्याच्या खाण्यात पावही होता, खरं आहे. पण त्यासोबत गवत, कोंडा, पालेभाजी होती, मोकळं आवार होतं. शिवाय तो अल्दाब्रा जातीचा, सल्काटा नव्हे.

ज्यांनी व्हिडिओ काढला त्यांचा मी अपमान करत नाहीये. सणाला घरातल्या सगळ्यांच्या तोंडी गोड पडावं असं वाटणं आपल्या रक्तात आहे. मलाही वाटतं. धोंडू दारात येऊन मान वर करून बघतो तेव्हा पोटात तुटतं. तरी मी त्याला जास्वंदीचं फूल देते. लालच असतं ते, तो खूश होतो.

आणखी एक, नाहीतर कमेंटमध्ये विचाराल. पाठीवर चांदण्या असलेलं आपलं स्टार कासव घरी ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, कितीही चांगलं खायला घातलं तरी. कुणाकडे असेल तर वन खात्याला कळवा. धोंडू परदेशी जातीचा, त्याची अशा प्राण्यांच्या नोंदणीच्या 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद आहे. सल्काटा घ्यायचा विचार असेल तर तो 40-50 किलोंचा होतो आणि बहुधा तुमच्या मागेही जगतो, तेव्हा आधी मुलांना विचारा ती गवत कापतील का.

डिचोली-साखळीच्या बाजूला कुणाकडे सल्काटा असेल तर इनबॉक्स करा. तुतीच्या फांद्या आता लावल्या तर लगेच जगतात, आमच्याकडे भरपूर आहेत. पिशवी घेऊन या, निवडुंगाचे दोन तुकडेही देईन.