जाणाऱ्याकडे बघा की जरा!

डोकं फिरतं माझं. ‘डॉक्टर हू’मधला डॉक्टर बदलायची वेळ आली की दर वेळी फिरतं. त्या माणसाचा नीट निरोप म्हणून घेता येत नाही. मालिकावाले घेऊ देत नाहीत, बातम्यावाले घेऊ देत नाहीत, आणि स्वतःला कट्टर चाहते म्हणवणारे तर मुळीच नाहीत. जाणारा अजून पडद्यावर उभा आहे, त्याच्या हातांतून ते सोनेरी तेज निघायला लागलंय, आणि ह्यांचं आपलं चालूच: पुढचा कोण, पुढचा कोण, पुढचा कोण!

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी: १९६३पासून चालत आलेली बीबीसीची ही मालिका. नायक परग्रहावरचा, काळातून भटकणारा. मरायला टेकला की त्याचं शरीर बदलतं, चेहरा बदलतो, स्वभावही बराचसा बदलतो, आणि गाडी पुढे सुरू. १९६६मध्ये पहिल्या डॉक्टरला, विल्यम हार्टनेलला, तब्येतीमुळे काम झेपेना, तेव्हा ही शक्कल लढवली गेली. शक्कल बिनतोड, प्रश्नच नाही. तिच्याशिवाय मालिका कधीच आटोपली असती. पण गोम तिथेच आहे. जाणं आणि येणं एकाच मिनिटात. तेरावं आणि बारसं एकाच मांडवात उरकल्यासारखं. रडावं तर पेढेवाले समोर उभे!

मॅट स्मिथ या डॉक्टरचंच घ्या. २०१३चा ख्रिसमस. टार्डिसमध्ये, म्हणजे निळ्या खोक्यासारख्या दिसणाऱ्या आपल्या यानात, तो उभा आहे, त्याची जुनी सोबतीण एमी त्याला भासात दिसून गेलीय, तो गळ्यातला बो टाय सोडतो. बोटांत धरतो. खाली टाकतो. तो टाय जमिनीवर पडतो तेवढा वेळ सगळं थांबल्यासारखं वाटतं. आता कुठे आपल्या घशात काहीतरी दाटून येतंय, तोच एक झटका! समोर नवा डॉक्टर पीटर कपाल्डी, डोळे वटारून बघतोय. लगेच मूत्रपिंडांच्या रंगाबद्दल तक्रार, मग हे यान चालवायचं कसं ते विचारतोय. दृश्य म्हणून झकास आहे हो. हसूसुद्धा येतं. पण मला तेव्हा हसायचं नव्हतं! मला त्या टायकडे बघायचं होतं अजून.

बरं, हेसुद्धा मी सोसते, कारण तो मालिकेचा बाज आहे. सोसवत नाही ते बाहेरचं. एपिसोड बघायच्या आधीच फोनवर टिंग. मोठ्ठा फोटो, नवा चेहरा ठसठशीत, आणि त्यावर बारीक अक्षरांत ‘स्पॉयलर अलर्ट’. अरे, फोटो छापल्यावर इशारा कसला देता? डोळे मिटून फोन उघडायचा का आम्ही? मी शब्द गाळून ठेवले, खाती बंद केली, नोटिफिकेशन्सच्या नाड्या आवळल्या. उपयोग शून्य. कुठल्या तरी ग्रुपवर कुणीतरी उत्साही प्राणी ‘बघितलंस का??’ म्हणून स्क्रीनशॉट टाकतोच. बघितलं ना. तुझ्या कृपेने बघितलं.

आणि आधीपासून जाहीर करायची ती हौस! डेव्हिड टेनंटने ऑक्टोबर २००८मध्ये सांगितलं की मी सोडतोय, आणि प्रत्यक्षात गेला १ जानेवारी २०१०ला. चौदा महिने आम्ही त्याच्याकडे ‘आता थोडेच दिवस’ अशा नजरेने बघत होतो. कपाल्डीचं तर फारच वाईट केलं. जुलै २०१७मध्ये विम्बल्डनच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यानंतर जोडी व्हिटेकरचं नाव जाहीर झालं. कपाल्डीचा शेवटचा भाग होता डिसेंबरात. मधले पाच महिने जगभर एकच कल्ला, डॉक्टर बाई कशी काय होऊ शकते. (होऊ शकते. डॉक्टरला दोन हृदयं असलेली चालतात, निळ्या खोक्यातून काळ ओलांडलेला चालतो, बाई तेवढी चालत नाही!) त्या कल्लोळात कपाल्डी अजून आहे, त्याचा एक भाग यायचाय, याची कुणाला शुद्ध होती का? तो भाग आला, त्यात त्याला जाताना एक मोठं भाषण मिळालं, तर तेही बिचाऱ्याने येणारीला सूचना देण्यात खर्च केलं. प्रेमळ राहा, कसं वाग, काय खाऊ नकोस. स्वतःच्या मरणाच्या वेळीसुद्धा पुढच्याचीच काळजी! मग त्याची अंगठी तिच्या बोटातून गळून पडते. तेवढंच काय ते.

व्हिटेकरवर पाळी आली तेव्हा तर कहर झाला. मे २०२२मध्ये शुटी गाटवाचं नाव जाहीर, हिचा शेवटचा भाग ऑक्टोबरात. म्हणजे ती असतानाच ती जुनी. त्या भागात ती आणि तिची सोबतीण यॅझ टार्डिसच्या छतावर बसून आइस्क्रीम खातात, खाली पृथ्वी. किती साधं, किती गोड. मग ती एकटी कड्यावर, सूर्य वर येतोय, आणि… डेव्हिड टेनंट! जो तेरा वर्षांपूर्वीच रीतसर रडूनभेकून गेला होता तो! एरवी नव्याच्या अंगावर निदान जुन्याचे कपडे असायचे, पहिली काही मिनिटं का होईना त्या कपड्यांत जाणारा दिसायचा. इथे कपडेही बदलले. तिचं नखही मागे ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळीकडे टेनंट परतला, टेनंट परतला. तिच्याबद्दल कोण बोललं?

हा खोडसाळपणा आजचा नाही. हार्टनेलचा शेवटचा भागच बीबीसीच्या संग्रहात उरला नाही. चेहरा बदलतानाचा तुकडा आज दिसतो तो एवढ्याचसाठी की ‘ब्लू पीटर’ या दुसऱ्या कार्यक्रमात तो वापरला गेला होता. सहाव्या डॉक्टरला, कॉलिन बेकरला, काढून टाकलं. तो बदलाच्या दृश्यापुरता परत यायला तयार झाला नाही, आणि का व्हावं त्याने? मग १९८७मध्ये पुढच्या डॉक्टरला, सिल्व्हेस्टर मॅकॉयला, त्याच्यासारखा कुरळ्या केसांचा टोप घालून जमिनीवर पालथा झोपवला. झाला निरोप! नव्याने स्वतःच जुन्याची जागा भरली आणि स्वतःच ती घेतली. क्रिस्टोफर एकल्स्टनचं त्याहून वरताण. मार्च २००५मध्ये त्याचा पहिला भाग दिसला, आणि दुसरा दिसायच्या आत बातमी फुटली की हा सोडून जाणार. वर बीबीसीने त्याच्या तोंडी जी वाक्यं घातली ती त्याला न विचारता घातली होती, हे त्यांनाच नंतर कबूल करावं लागलं. आम्ही नमस्कार म्हणायला हात जोडतोय तोच टाटा.

यावर कुणाजवळ चिडचिड करावी तर ठरलेलं उत्तर: ‘अगं, पात्र तेच आहे ना? मग रडतेस कशाला?’ तेच कसं? कपाल्डी नुसत्या भुवया उचलून जे करायचा ते स्मिथच्या अंगात नव्हतं. स्मिथ लांबच लांब हातपाय फेकत म्हाताऱ्यासारखा जो एकदम गप्प व्हायचा, ते टेनंटला जमलं नसतं. तो डॉक्टर गेला. खरंच गेला. टेनंट स्वतः जाताना नको म्हणत होता, आणि त्याआधी एकेका जुन्या सोबत्याला भेटून आला. त्यावर लोक अजून नाकं मुरडतात, फार लांबवलं म्हणे. लांबवलं तर लांबवलं! एवढ्या वर्षांत एकाला धड निरोप मिळाला, तोही तुमच्या डोळ्यांत सलतो.

आणि मग ३१ मे २०२५. गाटवा. आठ-आठ भागांचे दोन हंगाम आणि वरचे काही खास भाग, एवढंच त्याच्या वाट्याला. आधी अधिकृत घोषणा नव्हती, म्हणून मला वाटलं, चला, निदान या वेळी घरचं कार्य घरच्या घरी होईल. तो टार्डिसचं दार उघडतो, बाहेर तारे, चेहऱ्यावर ते त्याचं हसू. जाणारा माणूस इतका आनंदाने जाताना मी या मालिकेत बघितला नव्हता. आणि समोर कोण? बिली पायपर! जुन्या भागांतली सोबतीण, रोज! नववा-दहावा डॉक्टर, म्हणजे एकल्स्टन आणि टेनंट, ज्या मुलीसाठी झुरले तिचा चेहरा. श्रेयनामावलीत तिचं नाव, पण डॉक्टर म्हणून नाही. झालं. ती डॉक्टर आहे का, नाही का, रोज आहे का, आणखी कुणी आहे का. पुढचे कित्येक दिवस व्हिडिओ, तक्ते, बाण काढलेले स्क्रीनशॉट. मी मुद्दाम शोधलं, कुणी गाटवावर काही लिहिलंय का. त्याच्या त्या हसण्यावर, इतक्या पटकन गेला यावर. सापडलं थोडंफार, तेही खाली खाली, ‘पायपर कोण असेल याच्या नऊ शक्यता’ छापाच्या मथळ्यांच्या ढिगात.

आता म्हणे पुढच्या डॉक्टरवर ब्रिटनमध्ये पैजा. तिथे दर वेळी लागतात, भाव निघतात, त्याच्या बातम्या होतात, आणि त्या मला पाठवल्या जातात, कारण ‘तू बघतेस ना ती मालिका’. बघते. सध्या गाटवाचे जुने भाग बघते आहे पहिल्यापासून, आणि ते संपेपर्यंत जो कुणी मला नावांची यादी पाठवेल त्याला मी ब्लॉक करणार आहे. काल एकीला केलंय.