तार काढून बघा

इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.४ व्होल्ट, चालू केल्यावरही १२.४. चार्जिंग होत असतं तर आकडा १४ च्या आसपास गेला असता. म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर नुसता गरगरतोय. मग उतरलो इंजिनाच्या खबदाडात. बोटीत हे जुनं डिझेल इंजिन ज्याने बसवलं, त्याला माणसाला कोपर असतं हे ठाऊक नसावं. अल्टरनेटरचे टर्मिनल दिसायला हवे असतील तर गाल तेलकट ब्लॉकला टेकवावा लागतो.

"काय, बॅटरी गेली का?" वरून आवाज आला.

शेजारच्या बोटीचे काका. त्यांची स्वतःची बोट धक्क्यावरून हललेली मी तरी पाहिलेली नाही.

"नाही काका, बॅटरी ठीक आहे."

"मग अल्टरनेटर गेला."

"तेच बघतोय."

"बघायचंय काय त्यात? इंजिन चालू ठेवा आणि बॅटरीची तार काढा. बंद पडलं तर अल्टरनेटर गेला. नाही पडलं तर चांगला."

"काका, हे डिझेल आहे. याला ठिणगी लागत नाही. दाबाने हवा तापते, त्यात डिझेल पेटतं. डिझेलचा पंपही इंजिनच फिरवतं. बंद करायला सुद्धा ही केबल ओढून डिझेल तोडावं लागतं. बॅटरी समुद्रात फेकली तरी हे चालतच राहणार."

काकांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे अल्टरनेटर चांगला."

इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढली की व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, जळू शकतात, हेही सांगून पाहिलं.

"आमच्या गाडीचे नाही कधी जळले."

"कुठली गाडी?"

"डायनॅमोवाली."

अहो, डायनॅमोत डायोड असतातच कुठे जळायला! पण एव्हाना काका पाना घेऊन बोटीत उतरले होते. पुढचा बराच वेळ माझा एक हात वायरिंगवर आणि दुसरा बॅटरीच्या टर्मिनलवर, राखणीला.

वायरिंगचंही काय सांगावं! आधीच्या मालकाला लाल रंगाचं भारी वेड. प्लस लाल, मायनस लाल, बोटीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या बिल्जपंपाची लाल, आणि एक लाल तार कुठेच जात नाही. अर्थिंगच्या तारेच्या टोकावरच्या लगवर खाऱ्या हवेने हिरवी बुरशी धरलेली. ती घासली, पट्टा ताणला, तरी १२.४ च. मग चावी फिरवून पॅनलकडे पाहिलं. चार्जिंगचा लाल दिवा लागतच नव्हता.

हा दिवा नुसता शोभेचा नसतो. चावी फिरवली की त्याच्यातूनच थोडा करंट अल्टरनेटरच्या रोटरला, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला, मिळतो, त्यात चुंबकत्व येतं आणि मग तो स्वतःच्या जिवावर चालतो. बल्ब उडाला की हे महाशय झोपूनच राहतात. कधी इंजिन जोरात रेस केल्यावर उरल्यासुरल्या चुंबकत्वावर जागे होतातही, पण आमचे नाही झाले. बल्ब बदलला. १४.२.

इतका टीचभर बल्ब, आणि त्याच्यावर सगळं चार्जिंग! पॅनलवर दोन ओळी छापायला काय जात होतं यांचं? पण नाही. माणसाने आधी दुपारभर गालाला तेल फासून घ्यायचं.

संध्याकाळी काका धक्क्यावर कुणाला तरी सांगत होते, "मी उतरून बघितलं ना. म्हटलं, आधी बल्ब बघा." ऐकणाऱ्याने मान डोलावली. वर माझा मल्टिमीटर "जरा आमचीही बॅटरी बघतो" म्हणून घेऊन गेलेत, तो अजून परत आलेला नाही. त्यांच्या बॅटरीला काहीही झालेलं नाही. ती कधी वापरलीच नाहीये.