सफरचंद खालीच पडतं, मान्य

एक मजकूर सारखा फिरत असतो. शब्द थोडे बदलतात, सार तेच राहतं: "ज्ञानाला लिंग नसतं, वर्ण नसतो, देश नसतो. सफरचंद बाईच्या डोक्यावर पडो की पुरुषाच्या, गोऱ्याच्या की काळ्याच्या, ते खालीच पडतं. स्त्रीवादी आणि वसाहतवादविरोधी मंडळींना मात्र प्रत्येकाचं वेगळं सत्य हवंय, पुराव्याऐवजी अनुभव हवाय, प्रयोगशाळेऐवजी आजीबाईचा बटवा हवाय. विज्ञान आपल्या चुका आपणच सुधारतं, त्याला असल्या राजकारणाची गरज नाही." खाली टाळ्यांची रांग.

लिहिणाऱ्याला कशाची चीड आहे ते कळतं. त्यातली थोडी मलाही येते, तिच्याकडे वळेनच. पण मजकुरातलं एकेक विधान हातात घेऊन पाहिलं की बरीचशी हवाच निघते.

"सफरचंद कुणाच्याही डोक्यावर पडलं तरी खालीच पडतं."

पडतं की. याला कुणी हरकत घेतल्याचं मला ठाऊक नाही. पण उदाहरण फार सोयीचं निवडलंय. ज्ञान म्हणून पुस्तकांत जे छापलं जातं, त्यातला मोठा भाग सफरचंदासारखा आपणहून डोक्यावर येऊन आदळत नाही. काय बघायचं, कुणाला मोजायचं, कशाची नोंद करायची, हे आधी कुणीतरी ठरवलेलं असतं.

माकडांचंच घ्या. रानात बसून कळपांचा अभ्यास करणारे बरेच जण पूर्वी डोळ्यांत भरेल ते वहीत टिपत. दोन नर एकमेकांवर धावून गेले, दात, किंचाळ्या, धूळ, की लेखणी धावायची. त्याच वेळी दहा हातांवर एक मादी पिल्लू छातीशी धरून तासभर बसलेली असायची. मध्येच दुसरीला नुसत्या नजरेने उठवून तिची सावलीतली जागा घ्यायची. वहीत त्याचं काही नाही. अशा वह्यांमधून कळपाचं जे चित्र उभं राहायचं, त्यात नरांच्या मारामाऱ्या हेच समाजाचं इंजिन असायचं. खोटं कुणीच लिहिलं नव्हतं. एकेक नोंद खरी होती आणि चित्र तरीही वाकडं होतं.

गणिताचं शिक्षण घेतलेल्या जीन आल्टमन यांनी 1974 साली यावर एक लांबलचक, कोरडा लेख लिहिला. केनियातल्या अंबोसेलीच्या बबून माकडांवर त्या काम करत. त्यांनी तपासलेल्या पद्धतींपैकी एक अशी: कुठलं जनावर बघायचं ते आधी ठरवा, किती मिनिटं तेही ठरवा आणि तेवढ्या वेळात ते जे करील ते लिहा. काहीच केलं नाही तर तेही लिहा. आज रानात काम करणाऱ्या विद्यार्थ्याला ही पद्धत सुरुवातीलाच शिकवतात. लेखात स्त्रीवादाचा झेंडा कुठेही नाही. पण स्त्रीवादी टीका ज्या दुखण्यावर बोट ठेवते, त्यावरचा हा उतारा आहे, म्हणून तो आठवला.

"यांना प्रत्येकाचं वेगळं सत्य हवंय."

ज्यांच्या नावाने हे खपवलं जातं, त्यांनी नेमकं उलट लिहून ठेवलंय. स्त्रीवादी विचारवंत डोना हॅरवे यांचा 1988 चा निबंध या चर्चेतला सर्वांत जास्त वापरला जाणारा. कुठेही उभं न राहता सगळीकडचं दिसतं असा आव आणणं ही देवाची सोंगं घेण्याची युक्ती आहे, असं त्या म्हणतात. आणि "सगळ्यांचंच खरं" म्हणणाऱ्यांना त्याच निबंधात त्याच मापाने झोडतात, कारण दोघंही आपण कुठे उभे आहोत याचा हिशोब देत नाहीत. तत्त्वज्ञ सँड्रा हार्डिंग यांची मागणी तर आणखी कडक. पुरावा तपासता तसा तपासणाराही तपासा, त्याची गृहीतकंसुद्धा टेबलावर ठेवा. वस्तुनिष्ठता सोडा असं यात कुठे आहे? उलट ती अर्धवट पाळताय, पुरती पाळा, अशी तक्रार आहे.

"पुराव्याऐवजी अनुभव."

इथे जरा थांबायला हवं, कारण एका परीने ही शंका रास्त आहे. मला वाटलं म्हणजे झालं असं होत नाही, हे कुणालाही मान्य व्हावं. पण अनुभव पुरावा व्हायच्या आधी त्याला नाव लागतं.

कार्मिटा वुड नावाची बाई अमेरिकेतल्या एका विद्यापीठात कामाला होती. वरच्या हुद्द्यावरचा एक प्राध्यापक अंगचटीला यायचा. वाटेत गाठायचा, स्पर्श करायचा. तिची तब्येत ढासळली, शेवटी तिने नोकरी सोडली. बेकारभत्त्यासाठी अर्ज केला तेव्हा नोकरी का सोडली हा प्रश्न आला. या प्रकाराला तेव्हा शब्दच नव्हता. काय लिहायचं? उत्तर "वैयक्तिक कारण" असं झालं आणि वैयक्तिक कारणाला भत्ता मिळत नाही, म्हणून अर्ज फेटाळला गेला. 1975 साली काही बायका एकत्र बसल्या. आपापलं सांगताना लक्षात आलं की प्रत्येकीकडे हीच गोष्ट आहे. तिला काय म्हणावं याचा खल झाला आणि "लैंगिक छळ" याचा इंग्रजी शब्दप्रयोग पक्का झाला. मग आकडे गोळा करता येऊ लागले, कायद्यात कलमं आली, खटले चालले. त्याआधी कुणी सर्वेक्षण करायला गेलं असतं तर प्रश्नावलीत रकानाच नसता आणि निष्कर्ष निघाला असता की असं काही आढळत नाही.

तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी 2007 साली या प्रकाराला ज्ञानाच्या संदर्भातला अन्याय म्हटलं. एक तर बोलणाऱ्याचं तो कोण आहे यावरून खरं मानलं जात नाही. दुसरं, त्याच्याशी घडलेलं सांगायला भाषेत जागाच ठेवलेली नसते.

"विज्ञान आपल्या चुका आपणच सुधारतं."

सुधारतं. माझी हरकत "आपणच" या शब्दाला आहे.

ॲस्पिरिनने पहिला हृदयविकाराचा झटका टळतो का, हे पाहणारी अमेरिकेतली एक मोठी चाचणी 1980 च्या दशकात झाली. 22,071 डॉक्टर, सगळे पुरुष. झटक्यांचं प्रमाण 44 टक्क्यांनी घटलं आणि 1989 मध्ये निकाल गाजला. बायकांवरची चाचणी 39,876 जणींवर झाली, तिचा निकाल 2005 मध्ये आला. एकूण गटात झटक्यांवर ठळक परिणाम दिसला नाही. पक्षाघाताचं प्रमाण मात्र 17 टक्क्यांनी घटलं. (मात्रा निराळी होती, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. 65 च्या पुढच्या बायकांमध्ये झटकेही कमी दिसले.) मधली सोळा वर्षं बाईला सल्ला द्यायचा तो पुरुषांच्या आकड्यांवरून.

चूक सुधारली ती वाट पाहून नव्हे. मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळा, ही अमेरिकी औषध प्रशासनाची 1977 ची सूचना होती. थॅलिडोमाइड हे औषध गरोदरपणात घेतल्याने व्यंग असलेली मुलं जन्मली होती. त्यानंतरची भीती या सूचनेमागे होती, हेतू वाईट नव्हता. ही सूचना 1993 मध्ये मागे घेतली गेली आणि त्याच वर्षी सरकारी पैशाच्या वैद्यकीय संशोधनात बायकांना व अल्पसंख्याकांना सामील करणं कायद्याने बंधनकारक झालं. त्यामागे बायकांच्या आरोग्य-चळवळीचा आणि संसदेतल्या महिला सदस्यांचा वर्षानुवर्षांचा तगादा होता. ज्याला मजकुरात "असलं राजकारण" म्हटलंय, तेच.

"प्रयोगशाळेऐवजी आजीबाईचा बटवा."

यावर मला सर्वांत जास्त बोलायचंय, आणि बोलायचंय ते मक्यावर.

मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या बायका हजारो वर्षं मका तसाच दळत नाहीत. दाणे चुन्याच्या पाण्यात उकळायचे, रात्रभर तसेच ठेवायचे, सकाळी चोळून धुवायचे, सालं सुटली की दगडी पाट्यावर वाटायचे. काही भागांत चुन्याऐवजी राख. कष्टाचं, रोजचं काम. कोलंबसानंतर मका युरोपात गेला, तिथून जगभर पसरला. चुना मागे राहिला. ही रीत स्पॅनिश लेखकांना दिसली नाही असं नाही, त्यांच्या नोंदींत ती आहे. पण माझ्या मते ती बायकांची चूलपोतेऱ्याची गोष्ट मानली गेली. धान्य हे धन, आणि ते शिजवायचं कसं ही किरकोळ बाब.

1735 साली गास्पार कासाल या डॉक्टरने स्पेनमधल्या गरीब शेतकऱ्यांत एक विचित्र रोग नोंदवला. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलवटते, गळ्याभोवती कंठ्यासारखा पट्टा उठतो, जुलाब लागतात, भ्रम होतो, माणूस जातो. हाच पेलाग्रा. जिथे गरिबांचं पोट मक्यावर, तिथे तो. इटलीत लोंब्रोसोने ठासून सांगितलं की दोष सडक्या मक्याचा. (कवटीवरून गुन्हेगार ओळखू पाहणारा तोच हा लोंब्रोसो.) अमेरिकेच्या दक्षिणेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साथ आली. हा संसर्गच, असं कित्येक डॉक्टर म्हणत होते. जोसेफ गोल्डबर्गर यांनी पाहिलं की वेड्यांच्या इस्पितळांत रुग्णांना पेलाग्रा होतो, परिचारकांना होत नाही. संसर्ग असा माणसं निवडून कसा होईल? ताटात फरक होता. लोक ऐकेनात, म्हणून 1916 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचं रक्त टोचून घेतलं, त्वचेच्या खपल्या गोळ्यांतून गिळल्या. या प्रयोगात त्यांची पत्नीही होती. कुणालाच पेलाग्रा झाला नाही. 1937 मध्ये निआसिन हे जीवनसत्त्व हाती लागलं, त्याच्याच अभावाने पेलाग्रा होतो. मक्यात ते असतं, पण बांधलेलं असतं. चुन्याच्या पाण्याने ते सुटतं.

म्हणजे कासालच्या नोंदीपासून दोनशे वर्षं. आणि उत्तराचा एक तुकडा त्या सगळ्या काळात रोज रात्री कुठल्यातरी मडक्यात भिजत होता.

मजकूरवाले विचारतील, त्या बायकांना निआसिन ठाऊक होतं का? नव्हतं. पण ॲस्पिरिन 1899 मध्ये बाजारात आलं आणि ते शरीरात काम कसं करतं हे जॉन व्हेन यांनी दाखवलं 1971 मध्ये. मधल्या बहात्तर वर्षांत डोकं दुखल्यावर ॲस्पिरिन घेणाऱ्याला कुणी अंधश्रद्धाळू म्हटल्याचं ऐकिवात नाही. कारण ठाऊक नसताना उपाय ठाऊक असणं हे डॉक्टरकडे असलं की "अनुभवसिद्ध", आणि पाट्यावर वाटणाऱ्या बाईकडे असलं की "बटवा"? तिला विचारायला हवं होतं आणि गोल्डबर्गरसारखं तपासायलाही हवं होतं. या दोन गोष्टींचं वैर कुठे आहे?

बेनिनचे तत्त्वज्ञ पॉलँ हुंतोंजी यांनी वसाहतींतल्या ज्ञानव्यवहाराचं वर्णन फार नेमकं केलंय: कच्ची माहिती वसाहतीतून उचलायची, सिद्धान्त राज्यकर्त्यांच्या देशात घडवायचा, आणि मग तोच माल पुन्हा वसाहतीत विकायचा. याच हुंतोंजींनी आपल्याकडच्या मंडळींनाही सोडलं नाही. जुनं म्हणून प्रत्येक लोकसमजुतीला "आफ्रिकी तत्त्वज्ञान" म्हणून मखरात बसवणाऱ्यांशी ते आयुष्यभर भांडले.

आता माझी चीड.

वसाहतवादविरोधाची भाषा पांघरून भोंदूगिरी चालते, आणि तिने माणसं मरतात. दक्षिण आफ्रिकेत राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांनी एचआयव्हीमुळे एड्स होतो यावरच शंका घेतली. पाश्चात्त्य औषधांवर, पाश्चात्त्यांच्या आफ्रिकेकडे पाहण्याच्या नजरेवर बोलले. नजरेबद्दलचं त्यांचं सगळंच चूक नव्हतं, हीच पंचाईत. त्यांच्या आरोग्यमंत्री लसूण आणि बीट सुचवत राहिल्या. 2000 ते 2005 या काळात औषधं वेळेवर न दिल्याने 3,30,000 हून अधिक जीव गेले, असा हार्वर्डच्या संशोधकांचा 2008 चा अंदाज आहे. हा मजकूर लिहिणाऱ्याने म्बेकींचं उदाहरण दिलं असतं, तर मला उत्तर द्यायला जास्त कष्ट पडले असते.

पण म्हणून म्बेकींना अडवलं कुणी तेही सांगायला हवं. 1998 मध्ये सुरू झालेल्या ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन या रुग्णांच्या संघटनेने. तिच्यात मोठा भरणा गरीब काळ्या बायकांचा होता. छातीवर "एचआयव्ही पॉझिटिव्ह" अशी मोठी अक्षरं छापलेले शर्ट घालून त्या रस्त्यावर आल्या. आईकडून बाळाला होणारी लागण रोखणारं नेव्हिरापिन सरकारी दवाखान्यांत द्या, असा आदेश त्यांनी 2002 मध्ये देशाच्या संविधान न्यायालयाकडून मिळवला. मोर्चे नसत त्या दिवशी वस्त्यांमध्ये वर्ग चालत. विषाणू पेशीत कसा शिरतो, कुठली गोळी त्याला कुठे अडवते, एखादा डोस चुकला तर काय होतं, हे तिथे रुग्णच रुग्णांना शिकवत.