‘तार’ मागे घेतो, पण चौथ्या दिवसाचा रिपोर्ट खोटा नव्हता

नमस्कार. चेताऊतीवरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे आणि मुद्देसूदही, म्हणून उत्तर जरा ऐसपैस देतो. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लेखात चेतातंतूला विजेच्या तारेची उपमा दिली आहे आणि पुढे ‘चेतापेशी पुन्हा तयार होत नाहीत’ असंही म्हटलंय. तुमच्या काकांचा हात मनगटाच्या १२ सेंटिमीटर वर काचेने कापला आणि मीडियन नर्व्ह (अंगठ्याकडे आणि बोटांकडे जाणारा चेतातंतूंचा जुडगा) तुटली. चौथ्या दिवशी, नर्व्हला विजेचा हलका झटका देऊन स्नायू उडतो का ते बघायच्या तपासणीत ‘मनगटापाशी प्रतिसाद नॉर्मल’ आला, तिसऱ्या आठवड्यात तोच प्रतिसाद शून्य. मग ऑपरेशन करून नर्व्ह जोडली. त्याला आठ महिने झाले. आता अंगठा उचलता येतो, बोटांची टोकं मात्र बधिरच. तार तुटली तर पुढे करंट कसा आला, पेशी तयार होत नाहीत तर अंगठा कसा उठला, आणि तो उठला तर बोटांनी काय घोडं मारलंय, असे तुमचे तीन प्रश्न.

उपमा चुकलीच. तारेत करंट तारेच्या लांबीने वाहतो. चेतातंतूत आयन आडवे हलतात, पेशीच्या पडद्याच्या आत-बाहेर. एरवी आतली बाजू बाहेरच्या मानाने साधारण उणे ७० मिलिव्होल्टवर असते. संदेश आला की सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, तेवढा भाग क्षणभर अधिक ३० च्या आसपास जातो आणि त्या धक्क्याने शेजारची दारं उघडतात. म्हणजे संदेश वाटेत ठिकठिकाणी नव्याने तयार होतो. मायलिनचं वेष्टण असेल तर तो एका फटीवरून पुढच्या फटीवर, सुमारे मिलिमीटरभराच्या ढांगा टाकत जातो. म्हणून मीडियन नर्व्हमधला वेग सेकंदाला ५०-६० मीटर मिळतो, तर वेष्टण नसलेल्या, बोथट दुखणं वाहून नेणाऱ्या बारीक तंतूंत कसाबसा एक-दोन मीटर. हात गार असला तरी वेग घटतो, एका अंशाला साधारण दोन मीटर. त्यामुळे ही झटक्याची तपासणी करताना हाताची त्वचा ३२ अंशांच्या वर आहे ना, हे आधी बघावं लागतं; नाहीतर एसीत बसून आलेल्या धडधाकट माणसाचाही रिपोर्ट बिघडलेला दिसतो. तांब्याच्या तारेचं उलट असतं, गारठ्यात ती किंचित चांगली चालते.

‘तार’ऐवजी म्हणायला हवं होतं ‘हात’: एका जिवंत पेशीने लांब केलेला हात. अंगठा उचलणाऱ्या तंतूचं पेशीकाय, म्हणजे पेशीचं मुख्य शरीर, मानेतल्या मज्जारज्जूत असतं, आकार मिलिमीटरचा दहावा हिस्सा असला तर असला, आणि तिथून निघालेला अक्षतंतू थेट तळहातापर्यंत येतो. बोटांच्या स्पर्शाच्या पेशी मज्जारज्जूच्या लगतच्या गाठींत असतात. काचेने पेशी मेल्या नाहीत, त्यांचे हात तुटले. लेखातलं वाक्य पेशींच्या विभाजनाबद्दल होतं आणि ते तितकं खरं आहे. तुटलेला तंतू पुन्हा वाढू शकतो हे त्यात लिहायचं राहिलं. (हे हातापायांतल्या नर्व्हबद्दल. मेंदू आणि मज्जारज्जूत मायलिन वेगळ्या पेशी बनवतात, तिथे वाढीला अटकाव करणारे रेणू आणि व्रण आडवे येतात.)

आता चौथा दिवस. तुटलेल्या जागेखालचा तुकडा पेशीकायापासून अलग झाला तरी त्याच क्षणी मरत नाही. पडदा शाबूत असतो, सोडियमची दारं असतात, थोडा साठाही असतो. मनगटापाशी इलेक्ट्रोडने झटका दिला की तो तुकडा इमानेइतबारे काम करतो आणि अंगठ्याचा स्नायू उडतो. हे काही दिवस चालतं. मग तंतू आतून विरघळायला लागतो. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये वर्णन केलेला हा ऱ्हास त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आधी तंतू आणि स्नायू यांचा सांधा निकामी होतो, म्हणून स्नायूचा प्रतिसाद आठवड्याभरात जातो, संवेदनेचा आणखी तीन-चार दिवस टिकतो. तुमच्या दोन्ही रिपोर्टांत भांडण नाही.

खरी गोची वाचनात आहे. त्याच दिवशी कोपरापाशीही झटका दिला असणार आणि तिथून अंगठ्यापर्यंत काही पोचलं नसणार; ती ओळ काढून बघा. वरून प्रतिसाद नाही, खालून आहे, याचे चौथ्या दिवशी दोन अर्थ निघतात: नर्व्ह अखंड आहे पण दबून तात्पुरती अडली आहे, किंवा ती तुटली आहे. त्या दिवशी यंत्र या दोहोंत फरक करूच शकत नाही. फरक कळतो दहा-बारा दिवसांनी, आणि स्नायूत सुई घालून त्यातली विद्युत हालचाल मोजणाऱ्या ईएमजी तपासणीत दोन-तीन आठवड्यांनी. पण काचेची जखम आणि लगेच बोटं बधिर, अशा वेळी यंत्राची वाट बघायचीच नसते. जखम उघडून डोळ्यांनी बघतात. उशीर झाला की टोकं आखडतात, कडांना व्रण धरतो आणि मग कधीकधी पोटरीतली नर्व्ह काढून मध्ये जोड द्यावा लागतो.

टाके घातले म्हणजे तंतू जुळले असं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली, केसापेक्षा बारीक धाग्याने, बहुधा बाहेरचं वेष्टण शिवतात. आतले हजारो तंतू शिवता येतच नाहीत. खालच्या तुकड्यात श्वान पेशी (हातापायांतल्या नर्व्हमध्ये मायलिन बनवणाऱ्या पेशी) जुना कचरा साफ करून रिकाम्या नळ्या धरून बसतात आणि वरून निघालेले कोंब त्यांत शिरतात. वेग दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, कारण नव्या तंतूचा सांगाडा बांधायचा माल पेशीकायाकडून याच कूर्मगतीने येतो.

मग पट्टी घेऊन बसू. टाक्यांची जागा ओलांडायला महिनाभर धरा. तिथून अंगठ्याचा स्नायू १२ अधिक ४-५, म्हणजे सोळा-सतरा सेंटिमीटर: १६५ दिवस. एकूण साडेसहा महिने. अंगठा वेळेवर आला. मधल्या बोटाचं टोक मनगटापासून अठराएक सेंटिमीटर, म्हणजे एकूण ३० सेंटिमीटर: ३०० दिवस आणि तो महिना, अकरा महिने. आज आठव्या महिन्यात कोंब फार तर तळहातात आहेत. ऑपरेशन फसलं असं म्हणायची वेळ अजून आलेली नाही. हीच जखम काखेत झाली असती तर अंगठ्यापर्यंत दीड वर्षाहून जास्त लागलं असतं, आणि चेतातंतूविना स्नायू साधारण बारा ते अठरा महिन्यांत कायमचा वाया जातो. संवेदना त्याहून जास्त थांबू शकते.

स्पर्श परत आला तरी सुरुवातीला गोंधळलेला असेल. काही कोंब चुकीच्या नळीत शिरतात, मग तर्जनीला हात लावला की मधलं बोट कळतं. डोळे मिटून नाणं, किल्ली, बटण ओळखायचा सराव हात-उपचारतज्ज्ञ करून घेतात. तो टाळू नका.

लाल इंजेक्शनांबद्दलही तुम्ही विचारलंय. बी-१२ मायलिनसाठी लागतं आणि शाकाहारी घरांत त्याची कमतरता पुष्कळ आढळते. रक्तात कमी असेल तर जरूर घ्या. पुरेसं असेल तर जास्तीच्या इंजेक्शनांनी तो एक मिलिमीटर दोन होत नाही. गोळ्या मिश्र असतील तर बी-६ चं प्रमाण तेवढं वाचा. मोठ्या डोसमध्ये बरेच महिने घेतलं तर तेच चेतातंतू बिघडवतं.

‘नर्व्हऐवजी साधं शीर का लिहीत नाही?’ असंही तुम्ही विचारलंय. कारण शीर म्हणजे रक्तवाहिनीही, टेंडनही (स्नायूला हाडाशी बांधणारा दोर) आणि नर्व्हही, आणि मनगटात तिन्ही एकमेकांना खेटून आहेत.

काकांसाठी एवढं करा. बोटाने तळहाताकडून कोपराकडे मीडियन नर्व्हच्या रेषेवर हलके टकटक करत जा. जिथे बोटांत झिणझिण्या जातात तिथे पेनाने खूण करा आणि मनगटाच्या घडीपासूनचं अंतर तारखेसह वहीत लिहा. महिन्याला खूण दोन-तीन सेंटिमीटर बोटांकडे सरकली तर काम चालू आहे. लागोपाठ तीन महिने तिथेच अडली तर वही घेऊन सर्जनना भेटा. आणि तोवर चहाचा कप दुसऱ्या हातात.