नावं लिनक्सने बिघडवलेली नाहीत, आयपॉड फॉरमॅट करू नका!

रविवारी दुपारी आत्याचा फोन आला. "अरे, आयपॉड लॅपटॉपला लावलाय, सगळी नावं बिघडलीत. फॉरमॅट मारू का? ग्रुपवर तसंच आलंय." मी म्हटलं, आधी माऊसवरचा हात काढ!

त्या आयपॉडमध्ये तिच्या गुरुजींच्या शिकवणीच्या कॅसेटी आहेत. आतेभावाने अमेरिकेला जाताना त्या कॉम्प्युटरवर उतरवल्या, पुढे तिथून आयपॉडमध्ये भरून पाठवल्या. मूळ कॅसेटींना केव्हाच बुरशी लागली. म्हणजे आत्याकडे दुसरी प्रत नाही. आणि कुणीतरी न तपासता पुढे ढकललेल्या मेसेजपायी ती हे सगळं पुसायला बसली होती.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: लिनक्सच्या (म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली चालवणाऱ्या, आत्याच्या लॅपटॉपसारख्या) कॉम्प्युटरला आयपॉड किंवा एमपी३ प्लेअर लावू नका, त्याला ड्रायव्हर (जोडलेलं उपकरण चालवणारे प्रोग्रॅम) नसतात, गाण्यांची नावं बदलली की व्हायरस शिरला समजा आणि लगेच फॉरमॅट करा, लिनक्सवर एमपी३ वाजतच नाही, आणि लावलाच असेल तर सरळ वायर ओढा, लिनक्सला इजेक्ट लागत नाही.

नावांपासूनच सुरुवात करतो, कारण आत्या घाबरली ती त्यांनाच. आयपॉडमध्ये गाणी त्यांच्या खऱ्या नावांनी ठेवलेलीच नसतात. आयट्यून्स, म्हणजे आयपॉड भरायचा ॲपलचा प्रोग्रॅम, गाणं आत टाकतं तेव्हाच त्या फाइलला चार अक्षरांचं अर्थहीन नाव देतं आणि एफ००, एफ०१ अशा फोल्डरांत विखरून ठेवतं. कोणती फाइल म्हणजे कोणतं गाणं, ही यादी आयट्यून्सडीबी नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असते. मॅक आणि विंडोजवर हे फोल्डर एरवी लपवलेले असतात, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेला पडत नाहीत. लिनक्स ते उघड दाखवतं, एवढंच. आत्याच्या गाण्यांची 'बिघडलेली' नावं ती गाणी आयपॉडमध्ये गेली त्या दिवसापासूनच तशी आहेत! शिवाय गाण्याचं नाव, गायकाचं नाव भरलेलं असेल तर ते फाइलच्या पोटातही असतं. रिदमबॉक्ससारख्या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडलं की नीट दिसतं.

आता फॉरमॅट. 'डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल' ही खिडकी मुळात विंडोजची. मॅकवर तयार केलेला आयपॉड विंडोजला वाचता येत नाही, म्हणून ते असं विचारतं. लिनक्स मॅकची एचएफएस प्लस ही डिस्कवर फाइली मांडायची रचना वाचतं. त्यातही जर्नल (डिस्कवरच्या बदलांची नोंदवही) चालू असेल, म्हणजे मॅकवर बहुतेक असतंच, तर लिनक्सचा हा ड्रायव्हर डिस्क फक्त वाचण्यापुरतीच उघडतो. हे माझं मत नाही. ड्रायव्हरच्या कोडमध्येच इशारा लिहिलेला आहे: जर्नल असलेल्या डिस्कवर लिहिता येणार नाही, जबरदस्ती करायची तर स्वतःच्या जोखमीवर. जी प्रणाली अशा डिस्कवर एक अक्षरही लिहायला तयार नाही, ती नावं बदलेल कशी? मेसेज लिहिणाऱ्याने याचं उत्तर द्यावं.

ड्रायव्हरची गोष्ट तर फारच जुनी. साधा एमपी३ प्लेअर पेनड्राइव्हसारखा जोडला जातो आणि त्याची सोय लिनक्सच्या गाभ्यातच आहे. एमटीपी या फाइली देण्याघेण्याच्या दुसऱ्या पद्धतीने बोलणाऱ्या प्लेअरसाठी लिबएमटीपी हे सॉफ्टवेअर आहे, आयपॉडची ती यादी वाचायला लिबजीपॉड आहे. ड्रायव्हरची सीडी शोधत बसायचं काही कारण नाही.

एमपी३ वाजत नाही हे एके काळी अर्धंमुर्धं खरं होतं, मान्य. पेटंटमुळे फेडोरासारख्या लिनक्सच्या वितरणांत (तयार आवृत्त्यांत) ती सोय आधीपासून नसायची, वेगळी घालावी लागायची. एमपी३ चा परवाना कार्यक्रम एप्रिल २०१७ मध्ये बंद झाला. तो प्रश्न तिथेच संपला.

आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. आयपॉडमध्ये गाणं नुसतं कॉपी करून टाकलं तर ते त्याच्या पडद्यावर दिसत नाही, कारण यादीत त्याची नोंद नसते. २००७ च्या आयपॉड क्लासिकपासून ॲपलने या यादीला पडताळणीचा आकडाही जोडला, त्यामुळे बाहेरच्या प्रोग्रॅमांना ती लिहिणं अवघड झालं. तेव्हा नवीन गाणी भरताना कटकट होऊ शकते. पण असलेली गाणी बाहेर काढायला काहीच अडचण नाही, आणि आत्याला तेवढंच हवं होतं.

वायर ओढायचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. प्लेअरवर काही लिहिताना लिनक्स मजकूर आधी मेमरीत साठवतं आणि मग सावकाश डिस्कवर उतरवतं. कॉपी झाल्यासारखी दिसते, आत काम चालूच असतं. तेव्हा वायर काढली तर फाइल अर्धवट राहते, प्रसंगी अख्खी डिस्कच वाचता येईनाशी होते. फाइल मॅनेजरमध्ये आयपॉडच्या नावाशेजारी इजेक्टचा बाण असतो, तो दाबा, 'आता काढता येईल' असं येईपर्यंत थांबा.

आत्याकडून फोनवरच ते गाण्यांचं फोल्डर लॅपटॉपवर कॉपी करून घेतलं, मग पेनड्राइव्हवर. तासभर गेला. मधेच तिने एक फाइल लावली. तानपुरा ऐकू आला, मागून गुरुजींचा आवाज, "पुन्हा म्हण." आत्या काही बोलेना. मीही फोन तसाच धरून ऐकत राहिलो.