झेब्र्याने धरलेला हात

लापाझमध्ये भर दुपारी एका झेब्र्याने माझा हात धरून मला रस्ता ओलांडून दिला. मला! स्वारगेटचा चौक ऐन संध्याकाळी, दोन बसच्या फटीतून, पिशवीतली कोथिंबीर चुरगळू न देता पार करणाऱ्या माणसाला.

बाकीचं पटकन सांगतो. बोलिव्हियातलं हे शहर ३,६४० मीटरच्या आसपास आहे. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे कळसूबाईवर दुसरं कळसूबाई रचलं, तरी साडेतीनशे मीटर चढायचे उरतातच. समुद्रकाठी एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश इथे मिळतो. विमानतळ तर आणखी वर, एल आल्तोला, ४,००० मीटरच्या पुढे. आणि सहलवाल्यांच्या कागदावर पहिल्या दिवशी काय छापलेलं? 'शहरात निवांत पायी फेरफटका.' हे लिहिणाऱ्याला एकदा इथे आणून, हातात बॅग देऊन, दुसऱ्या मजल्यावर पाठवायला हवं. लापाझमध्ये सपाट रस्ता असा प्रकार नाहीच. एक तर चढ, नाहीतर परत येताना जो चढ होणार आहे तो उतार.

हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा दिला. इथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे चहा कडकडीत मिळत नाही. इथले लोक उंचीवर उतारा म्हणून तो पितात. मला उतारा पडला नाही.

मुरिय्यो चौकात संसदेच्या इमारतीवरचं घड्याळ उलटं फिरताना दिसलं. मी हिचा दंड घट्ट धरला. मेंदूला प्राणवायू कमी पडला की भास होतात, असं कुठेतरी वाचलं होतं. "अहो, ते खरंच उलटं आहे," ही म्हणाली. २०१४ साली ते मुद्दाम तसं केलंय म्हणे. दक्षिण गोलार्धात सूर्यघड्याळाची सावली उलटी फिरते, मग आम्ही उत्तरेचं घड्याळ का पाळायचं? बाणा म्हणून उत्तम. पण धापा टाकणाऱ्या परक्या माणसाचा काही विचार?

त्यामुळे पुढे झेब्रा दिसला, तेव्हा मी हिला काही विचारलंच नाही.

सागार्नागा नावाच्या खड्या गल्लीत ही अल्पाकाच्या शालीचा भाव करत होती आणि मी एका दुकानाची चौकट धरून उभा होतो. दुकानात लामाची वाळवलेली अर्भकं टांगलेली. घर बांधताना ती पाचामामेसाठी, म्हणजे धरणीमातेसाठी, पायात पुरतात. तेवढ्यात डोक्यावर गोल टोपी, घेरदार झगा आणि पाठीवर रंगीत कापडात बांधलेलं भलंमोठं गाठोडं अशा एक आजी माझ्या बाजूने तरातरा वर गेल्या. तोंड मिटलेलं. मी उताराची बाजू धरली.

खाली सान फ्रान्सिस्को चर्चसमोर मोठा रस्ता. मिनीबसची ही गर्दी. मी गुडघ्यांवर हात टेकून जरा श्वास घेत होतो, आणि समोर झेब्रा. दोन पायांवरचा, शेपूटवाला. २००१ पासून लापाझच्या महापालिकेने असे झेब्रे वाहतुकीला शिस्त लावायला रस्त्यावर उतरवलेत. आत तरुण पोरं असतात. दंड नाही, शिट्टी नाही. नाचायचं, कान हलवायचे, पट्ट्यांवर गाडी आणणाऱ्याची टिंगल करायची.

झेब्र्याने आधी मला नीट न्याहाळलं. मग स्वतःचे गुडघे धरून तसाच वाकला आणि हाऽ हाऽ करत माझी हुबेहूब धाप काढून दाखवली. फुटपाथवरचे लोक हसले. मी ताठ झालो. तोही ताठ झाला. मी हात हलवून "नको, नको" म्हटलं. त्याला तो नमस्कार वाटला असावा, कारण त्याने कमरेत वाकून तो स्वीकारला आणि माझा पंजा खुरात घेतला. दुसरं खूर वर करून अख्खी रांग थांबवली. मग एक पाऊल टाकायचा, थांबायचा, माझ्याकडे बघायचा, मान डोलवायचा. नातवाला पहिली पावलं टाकायला शिकवतात, अगदी तसं. अर्ध्यावर तर शेपटीने मला वारा घातला. एकाही ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही, हे जास्त लागलं. जन्मभर कर भरतो त्या शहरात पट्ट्यांवर पाय ठेवला की गाडीचा वेग वाढतो. तिथे माझ्यासाठी कुणी थांबत नाही, आणि इथे थांबले ते झेब्र्याचा मान राखायला.

पलीकडे त्याने माझी पाठ थोपटली, टाळी घेतली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेला. ते गिऱ्हाईक चौथीतलं वाटत होतं. त्याचा हात त्याने धरला नाही.

हिने सगळं चित्रण केलं होतं. पाठीशी चालता चालता, एकदाही न धापता. संध्याकाळपर्यंत ते घरच्या ग्रुपवर पोचलं. मेहुण्याने विचारलं, "भाऊजी, यातले तुम्ही कोणते?" मी हवेचा दाब, प्राणवायू, कळसूबाई वगैरे आकड्यांसकट सविस्तर लिहून पाठवलं. सगळ्यांनी वाचलं, निळ्या खुणा दिसतायत. उत्तर फक्त बहिणीचं आलं: "अरे दादा, एवढ्या उन्हात त्या कपड्यांत त्या बिचाऱ्या झेब्र्याला उकडत नसेल का रे?"